सरोवरावरचा धूर : एका रॉक गाण्याची पन्नास वर्षे

'स्मोक ऑन द वॉटर' हे डीप पर्पल या इंग्रज बँडचे गाणे डिसेंबर १९७१मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो या गावी ध्वनिमुद्रित झाले. मार्च १९७२मध्ये ते 'मशीन हेड' या अल्बममधून लोकांपुढे आले आणि १९७३च्या उन्हाळ्यात अमेरिकेत गाजले. सत्तरच्या दशकात हार्ड रॉकची शेकडो गाणी विक्रीच्या याद्यांत वर चढली आणि खाली उतरली. त्यांतली बरीचशी आज फक्त जाणकारांना आठवतात. या गाण्याचे तसे झाले नाही. ते पूर्ण ऐकले नसेल अशा माणसालाही त्याची सुरुवात माहीत असते, आणि गिटार हातात घेणाऱ्या बहुतेक प्रत्येक पोराने ती कधी ना कधी वाजवलेली असते. नवल असे, की ज्या पाच जणांनी ते केले त्यांच्या लेखी ते अल्बममधली उरलेली जागा भरायला केलेले गाणे होते. ते तयार होण्यामागे एक आग होती, गोंगाटाला कंटाळलेले शेजारी होते आणि हिवाळ्यासाठी बंद ठेवलेले एक हॉटेलही होते.

डीप पर्पलची स्थापना १९६८मध्ये इंग्लंडमधल्या हार्टफर्ड येथे झाली. सुरुवातीच्या वर्षा-दीड वर्षात बँडला स्वतःचा सूर सापडला नव्हता. १९६९मध्ये गायक इयन गिलन आणि बेस गिटार वाजवणारा रॉजर ग्लोव्हर हे दोघे आले. गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड आणि ड्रम्सवर इयन पेस आधीपासून होतेच. हीच पंचकडी पुढे बँडची अभिजात जुळणी मानली गेली. लॉर्डचा पिंड पाश्चात्त्य अभिजात संगीताचा. सप्टेंबर १९६९मध्ये त्याने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बँड आणि सिंफनी वाद्यवृंद यांना एकत्र बसवून एक मोठी रचना सादर केली. वर्तमानपत्रांनी तिची दखल घेतली, पण ब्लॅकमोरला हा मार्ग मंजूर नव्हता. पुढचा अल्बम कडक आणि दणदणीत रॉकचाच करायचा, असा त्याने आग्रह धरला. त्यातून १९७०मध्ये 'इन रॉक' निघाला आणि बँडची दिशा ठरली. याच अल्बममधल्या 'चाइल्ड इन टाइम' या दीर्घ गाण्याची मूळ धून एका अमेरिकन बँडच्या 'बॉम्बे कॉलिंग' या वाद्यरचनेवरून घेतलेली होती. मुंबईचे नाव अशा रीतीने डीप पर्पलच्या इतिहासात फार लवकर येते.

१९७१चा 'फायरबॉल' हा अल्बम दौऱ्यांच्या मधल्या सुट्ट्यांत तुकड्या-तुकड्यांनी झाला, आणि बँडला त्याचे फारसे समाधान नव्हते. त्या काळातल्या स्टुडिओंच्या खोल्या गाद्यागिर्द्यांनी मढवलेल्या असत. आवाज स्वच्छ येई, पण त्यातला दणका निघून जाई. रंगमंचावर आपण जसे वाजतो तसे तबकडीवर का येत नाही, हा डीप पर्पलचा जुना सल होता. त्यावर उपाय असा निघाला, की स्टुडिओ सोडून एखाद्या सभागृहात वाजवायचे आणि ध्वनिमुद्रणाची यंत्रणा तिथे न्यायची. रोलिंग स्टोन्स या बँडने अशी यंत्रणा एका मालमोटारीत बसवून घेतली होती आणि ती ते इतरांना भाड्याने देत. गाडी सभागृहाबाहेर उभी करायची, केबल आत सोडायच्या, की स्टुडिओ तयार. लेड झेपेलिन या बँडनेही ती वापरली होती. १९७१च्या शरद ऋतूत गिलनला कावीळ झाली आणि अमेरिकेचा दौरा गुंडाळावा लागला. डिसेंबरात मात्र सलग काही आठवडे मोकळे सापडले.

जागा निवडली ती जिनिव्हा सरोवराच्या काठावरच्या माँत्रोची. एके काळी युरोपातले श्रीमंत हवापालटासाठी इथे येत. साठच्या दशकात गावाला नवी ओळख मिळवून दिली ती क्लॉड नोब्स या माणसाने. तो शिकला होता स्वयंपाकाचे काम आणि नोकरीला होता पर्यटन कार्यालयात. पण खरे वेड संगीताचे. १९६७मध्ये त्याने माँत्रो जाझ महोत्सव सुरू केला, आणि रॉक बँडनाही तो वर्षभर गावात बोलावत असे. कार्यक्रम होत ते १८८१ सालच्या जुन्या कॅसिनोत. तिथे जुगाराच्या टेबलांबरोबर मोठे सभागृहही होते. हिवाळ्यात कॅसिनो बंद राही. हंगामातला शेवटचा कार्यक्रम आटोपला की सभागृह डीप पर्पलच्या ताब्यात द्यायचे, असे नोब्सने ठरवले होते. बँड आणि मालमोटार ३ डिसेंबरच्या सुमारास गावात दाखल झाली. शेवटचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता.

शनिवार, ४ डिसेंबर १९७१. दुपारच्या मैफलीत अमेरिकन संगीतकार फ्रँक झप्पा आणि त्याचा मदर्स ऑफ इन्व्हेन्शन हा बँड वाजवत होता. सभागृह गच्च भरलेले होते, आणि श्रोत्यांत डीप पर्पलची मंडळीही होती. 'किंग काँग' या रचनेत सिंथेसायझरचे एकलवादन रंगात आले असताना श्रोत्यांपैकी कोणी तरी इशाऱ्याचा दारूगोळा उडवायचे पिस्तूल वर रोखून झाडले. छत वेताच्या विणकामाने मढवलेले होते. ठिणगी त्यात अडकली आणि आग धुमसू लागली. या मैफलीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात सुरुवातीचे काही क्षण कोणालाच गांभीर्य कळलेले नाही. झप्पाच्या एका गायकाने तर 'फायर' या गाण्यामुळे प्रसिद्ध झालेल्या आर्थर ब्राउनचे नाव घेऊन विनोदही केला. मग झप्पाचा आवाज येतो. घाबरू नका, शांतपणे दाराकडे चला, असे तो संथ सुरात सांगतो. त्याच्या त्या थंड डोक्याला पुष्कळ श्रेय द्यायला हवे. लोक दारांतून निघाले, काही फोडलेल्या खिडक्यांतून बाहेर पडले. आत अडकलेल्या पोरांना नोब्स स्वतः ओढून बाहेर काढत होता. काही जण जखमी झाले, मात्र एकही जीव गेला नाही.

कॅसिनो मात्र वाचला नाही. लाकूड जुने, आत सजावटीचे सामान भरपूर, आणि वरून डोंगराकडून वारा वाहत होता. पाहता पाहता सगळी इमारत पेटली. झप्पाच्या बँडची वाद्ये आणि यंत्रसामग्री आत जळून खाक झाली. डीप पर्पलचे लोक हॉटेलात परतले आणि खिडकीतून पाहत राहिले. वाऱ्याने खाली लोटलेला धूर सरोवराच्या पाण्यावर थरासारखा पसरत चालला होता. झप्पाचे ग्रह तेवढ्यावर फिरले नाहीत. सहाच दिवसांनी लंडनच्या रेनबो थिएटरात एका श्रोत्याने त्याला रंगमंचावरून खाली ढकलले. त्याला गंभीर इजा झाली आणि पुढचे कित्येक महिने चाकांच्या खुर्चीत काढावे लागले.

डीप पर्पलची अडचण वेगळी होती. महागडी मालमोटार दाराशी उभी, वेळ मोजून घेतलेला आणि वाजवायला जागाच नाही. नोब्सने धावपळ करून गावातले पॅव्हिलियन हे नाट्यगृह मिळवून दिले. वाद्ये मांडली गेली. संध्याकाळपासून चाचपणी सुरू झाली, आणि रात्री ब्लॅकमोरने सुचवलेल्या एका साध्या सुरावटीवर बँडने वाद्यांचा साज बसवला. गाण्याला नाव नव्हते, शब्द नव्हते. नोंदीत नुसते 'शीर्षक क्रमांक एक' असे लिहिले गेले. पॅव्हिलियन वस्तीच्या मधोमध होते, आणि एवढ्या मोठ्या आवाजात रात्री वाजवणारे लोक शेजाऱ्यांनी कधी पाहिले नसावेत. तक्रार गेली आणि पोलीस आले. बँडचे कामगार दारे आतून धरून उभे राहिले. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्चला पूर्ण आणि चांगली आवृत्ती मिळेपर्यंत त्यांनी दार उघडले नाही. मग दार उघडले आणि नाट्यगृह हातचे गेले. त्या रात्रीची जमापुंजी एवढीच : एका बिननावाच्या गाण्याचे वाद्यांगाचे ध्वनिमुद्रण. जगभर आज जो आवाज ऐकू येतो तो हाच.

पुन्हा शोधाशोध झाली, आणि अखेर गावाच्या टोकाला तेरिते भागातले ग्रँड हॉटेल सापडले. हिवाळ्यासाठी बंद, रिकामे, थंडगार. बँडने खालच्या मजल्यावरच्या एका कॉरिडॉरमध्ये बस्तान मांडले. खोल्यांतल्या गाद्या काढून आवाज अडवण्यासाठी उभ्या केल्या, ऊब यावी म्हणून मोठे हीटर आणले, आणि केबल बाहेर उभ्या असलेल्या मालमोटारीपर्यंत ओढल्या. वाजवलेले कसे उतरले ते ऐकायचे तर या खोलीतून त्या खोलीत, तिथून बाल्कनीत आणि मग बाहेरच्या बर्फातून गाडीपर्यंत जावे लागे. दोन-चार दिवसांत सगळ्यांनी तो नाद सोडला. वाजवणे ठीक झाले असे वाटले, की पुढच्या गाण्याला हात घालायचा. 'मशीन हेड'मधला जो सरळ, ताजा आवाज वाखाणला जातो त्याचे थोडे श्रेय या गैरसोयीलाही आहे. ऐकायला जाणेच जिवावर येई, तेव्हा घासूनपुसून गुळगुळीत करण्याचा मोह आपोआप टळला.

मुक्काम संपत आला तेव्हा हिशेब लागला, की अल्बमची लांबी काही मिनिटांनी कमी पडते आहे. तेव्हा पॅव्हिलियनमधल्या त्या बिननावाच्या ध्वनिमुद्रणाची आठवण झाली. त्याला शब्द हवे होते. आगीनंतर काही दिवसांनी ग्लोव्हर सकाळी अर्धवट झोपेत असताना त्याच्या तोंडून चार शब्द निघाले होते; तेच पुढे शीर्षक झाले. गिलनला ते ऐकून आधी वाटले, की हे अमली पदार्थांवरचे गाणे वाटेल, नको. पण दुसरे काही सुचत नव्हते आणि वेळही नव्हता. शेवटी दोघांनी मिळून जे घडले तेच लिहून काढले. गाण्यात माँत्रो आहे, सरोवर आहे, झप्पा आणि त्याचा बँड आहे, पोरांना ओढून काढणारा क्लॉड आहे, रोलिंग स्टोन्सची गाडी आहे आणि थंडगार ग्रँड हॉटेलही आहे. ज्याने पिस्तूल झाडले त्याला नाव नाही, विशेषण मात्र आहे. रॉक गाण्यांत त्या काळी प्रेम, बंड, गूढ स्वप्ने यांचा सुकाळ असे. इथे मात्र एका प्रसंगाची हकिगत आहे, जवळजवळ बातमी. पोवाड्यात शाहीर जसा स्थळ-काळ आणि माणसे नावानिशी सांगतो तसे हे आहे, फक्त वीररस वगळून. शब्द म्हणून ते थोर नाहीत, पण खोटेही नाहीत. पन्नास वर्षांनी ते वाचताना अवघडल्यासारखे होत नाही, आणि समकालीन अनेक गाण्यांबद्दल एवढेही म्हणता येत नाही.

गाण्याचे प्राण मात्र शब्दांत नाहीत, सुरुवातीच्या सुरावटीत आहेत. रॉकमध्ये अशा पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीला रिफ म्हणतात. ही रिफ आपल्या स्वरांत मांडली तर अशी होते : सा, कोमल ग, म, सा, कोमल ग, तीव्र म, म, सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. पहिल्या तुकड्यात तीन स्वर, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात पाच. मिळून बारा आघात आणि स्वर अवघे चार. पूर्ण फेरी सोळा मात्रांची, मिनिटाला साधारण ११२ मात्रांच्या मध्यम चालीत. पहिला तुकडा प्रश्न टाकतो, दुसरा तोच प्रश्न तीव्र मध्यमाच्या किंचित बोचऱ्या स्पर्शाने पुन्हा विचारतो, आणि तिसरा षड्जावर परत येऊन तो मिटवतो. दोन्ही मध्यम लागून आले म्हणून ललत रागाची आठवण व्हावी एवढेच; त्याचे मूळ रागात नाही, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतात आहे. आघात सगळे मात्रेवर पडत नाहीत, काही दोन मात्रांच्या मध्ये पडतात. त्यामुळे इतकी सोपी सुरावट असूनही ती कवायतीसारखी वाजत नाही. धृपदात सूर मध्यमावर जातो, तिथून कोमल ऋषभाला स्पर्शून षड्जावर उतरतो आणि पुन्हा रिफला वाट करून देतो.

तिचा रंगही वेगळा आहे, आणि त्याचे कारण वाजवण्याच्या पद्धतीत आहे. रॉकमधले गिटारवादक बहुधा षड्ज-पंचमाची जोडी वाजवतात. ब्लॅकमोरने ती उलटवून षड्ज-मध्यम भावाची जोडी घेतली, म्हणजे प्रत्येक स्वराखाली त्याचा चौथा स्वर. शिवाय ती त्याने पिकने छेडली नाही. पिकने दोन तारा एकापाठोपाठ वाजतात, अंतर क्षणाच्याही अंशाचे असले तरी कानाला कळते. बोटांनी उचलल्या तर त्या एकदम सुटतात आणि आवाज ठोस येतो. त्याच्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरला साथ होती लॉर्डच्या हॅमंड ऑर्गनची. लॉर्ड आपला ऑर्गन मार्शल कंपनीच्या गिटारसाठी बनवलेल्या अँप्लिफायरमधून काढत असे, त्यामुळे तो गिटारसारखाच खरखरीत वाजे. या गाण्यात तो रिफमध्येच मिसळला. अनेकांना जो निव्वळ गिटारचा आवाज वाटतो त्यात निम्मा वाटा ऑर्गनचा आहे. नवशिक्याची गिटार घरी तशी का वाजत नाही, याचे हे एक उत्तर.

सुरुवातीची मांडणीही हिशेबी आहे. आधी एकटी गिटार. मग पेसच्या पायाखालच्या झांजांची किणकिण, ऑर्गन, उरलेले ड्रम्स, आणि सगळ्यांत शेवटी ग्लोव्हरचा बेस. गायक तोंड उघडतो तोवर इमारत श्रोत्याच्या डोळ्यांदेखत उभी राहिलेली असते. ब्लॅकमोर पुढे मुलाखतींत गमतीने म्हणत असे, की ही रिफ बीथोवेनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात उलटी करून सुचली. त्यातली थट्टा बाजूला ठेवली तरी तुलना वावगी नाही. मोजके स्वर आणि ठाम लय यांतून लगेच ओळखू येणारी आकृती उभी करायची, हे तंत्र दोन्हीकडे आहे.

'मशीन हेड' मार्च १९७२च्या अखेरीस निघाला आणि ब्रिटनमध्ये विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यात सात गाणी. स्वतंत्र तबकडीसाठी बँडने आणि कंपनीने निवडले ते 'नेव्हर बिफोर'. ते ब्रिटनच्या यादीत जेमतेम पस्तिसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले आणि विसरले गेले. 'स्मोक ऑन द वॉटर'कडे कोणाचे लक्ष नव्हते. पावणेसहा मिनिटांच्या गाण्याला रेडिओवाले हात लावत नसत, हेही खरे. बँड मात्र वर्षभर गावोगाव वाजवत हिंडत होता. जून १९७२मध्ये लंडनच्या त्याच रेनबो थिएटरात त्यांच्या आवाजाची पातळी ११७ डेसिबल मोजली गेली आणि गिनेसच्या पुस्तकात सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून नोंद झाली. या मैफलींत एक गोष्ट दिसू लागली : त्या बारा आघातांना श्रोते लगेच उठतात.

ऑगस्ट १९७२मध्ये ओसाका आणि टोकियो इथे तीन मैफली झाल्या. जपानी कंपनीच्या आग्रहाने त्या ध्वनिमुद्रित केल्या गेल्या आणि त्यांतून 'मेड इन जपान' हा अल्बम निघाला. बँडला त्याचे विशेष कौतुक नव्हते. हा अल्बम पुढे प्रत्यक्ष मैफलीच्या ध्वनिमुद्रणांचा मानदंड ठरला. या बँडला स्वतःच्या मालाची किंमत कळत नसे, असे म्हणायचा मोह होतो. अमेरिकेतल्या कंपनीच्या लोकांनी मैफलींतला श्रोत्यांचा प्रतिसाद हेरला आणि मे १९७३मध्ये 'स्मोक ऑन द वॉटर' स्वतंत्र तबकडीवर काढले. एका बाजूला स्टुडिओतल्या गाण्याची कापून लहान केलेली प्रत, दुसऱ्या बाजूला जपानमधल्या मैफलीतली. उन्हाळ्यात ते बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचले आणि सव्वा वर्ष जुना 'मशीन हेड' पुन्हा वर चढून अमेरिकेत सातव्या क्रमांकावर गेला.

हे यश आले तेव्हा ते ज्यांचे होते तो बँड जागेवर नव्हता. सततचे दौरे, थकवा आणि गिलन-ब्लॅकमोर यांच्यातली धुसफूस यांनी सगळे पोखरले होते. गिलनने १९७२च्या अखेरीसच राजीनामा लिहून दिला होता. ठरल्याप्रमाणे २९ जून १९७३ला ओसाकाची मैफल आटोपून तो बाहेर पडला, आणि ग्लोव्हरलाही जावे लागले. म्हणजे गाण्याचे शब्द लिहिणारे दोघेही, ते अमेरिकेत शिखरावर असताना, बँडमध्ये नव्हते. पुढच्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या प्रचंड महोत्सवात ते गाणे गायले गिलनच्या जागी आलेल्या डेव्हिड कव्हरडेलने. माँत्रोची आग त्याने पाहिलीही नव्हती. श्रोत्यांचे काही अडले नाही.

गाण्याच्या दीर्घायुष्याचे एक कारण इथे सापडते. ते एका गायकाच्या गळ्यावर किंवा एका वादकाच्या करामतीवर अवलंबून नाही. 'चाइल्ड इन टाइम'मधल्या किंचाळ्या गिलनशिवाय कोणाला झेपत नाहीत, आणि पुढे वय वाढल्यावर त्यालाही झेपेनात. 'मशीन हेड'मधल्याच 'हायवे स्टार'चे गिटारचे एकलवादन शिकायला महिने जातात. डीप पर्पलच्या ताकदीचा अंदाज त्या गाण्यांतून जास्त येतो. 'स्मोक ऑन द वॉटर' त्यांच्या मानाने साधे आहे, आणि म्हणूनच ते हस्तांतरित होऊ शकले. १९८३मध्ये गिलन ब्लॅक सॅबथ या बँडबरोबर दौऱ्यावर गेला तेव्हा सॅबथलाही ते वाजवावे लागले. कट्टर रसिकांनी नाके मुरडली, पण बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

१९७६मध्ये फुटलेला बँड १९८४मध्ये 'मशीन हेड'च्या त्याच पाच जणांसह पुन्हा जमला. दरम्यान गाणे सार्वजनिक मालमत्ता होऊ लागले होते. डिसेंबर १९८८मध्ये आर्मेनियात भीषण भूकंप झाला आणि सुमारे २५ हजार माणसे मेली. मदतनिधीसाठी १९८९मध्ये लंडनला रॉकमधली बडी मंडळी एकत्र आली : गिलन आणि ब्लॅकमोर, त्यांच्यासोबत ब्रायन मे, डेव्हिड गिलमोर, टोनी आयोमी, ब्रूस डिकिन्सन, ब्रायन ॲडम्स. सर्वांना आधीपासून येणारे गाणे हवे होते. निवड याचीच झाली. एका आगीतून जन्मलेले, कोणाचाही बळी न गेलेल्या प्रसंगाचे हे गाणे दुसऱ्या संकटातल्या लोकांसाठी गायले गेले. या कामातून पुढे गिलन आणि आयोमी यांनी आर्मेनियातल्या ग्युमरी शहरात संगीत शाळा उभारायला मदत केली. ती २०१३मध्ये सुरू झाली.

ब्लॅकमोर १९९३मध्ये बँड कायमचा सोडून गेला. त्याच्या जागी आलेल्या स्टीव्ह मोर्सला घेऊन डीप पर्पल एप्रिल १९९५मध्ये मुंबईत आले. मुंबईच्या रॉकप्रेमींना हे गाणे तोवर चांगले पाठ होते. धोबी तलावच्या रंगभवनात आणि महाविद्यालयांच्या महोत्सवांत इथले बँड वर्षानुवर्षे अशीच पाश्चात्त्य गाणी वाजवत आले होते. मूळ बँड मात्र ध्वनिफितींतून आणि मासिकांतल्या छायाचित्रांतूनच माहीत होता. रिफ ज्याने रचली तो आता रंगमंचावर नव्हता, पण लॉर्ड, गिलन, ग्लोव्हर आणि पेस होते. मैफल चित्रित झाली आणि नऊ वर्षांनी 'बॉम्बे कॉलिंग' याच नावाने प्रसिद्ध झाली. 'चाइल्ड इन टाइम'चे जुने ऋण असे शीर्षकात फिटले म्हणायचे.

गाण्याचा खरा संसार मात्र मैफलींबाहेर, गिटारच्या वर्गांत आणि वाद्यांच्या दुकानांत आहे. गिटारच्या एक जोडी सोडता बाकी सगळ्या लगतच्या तारा एकमेकींशी षड्ज-मध्यम अंतराने लावलेल्या असतात. त्यामुळे शेजारच्या दोन तारांवर एकच बोट एका पडद्यावर दाबले, की ब्लॅकमोरची जोडी तयार. बोट तीन-चार ठिकाणी सरकवता आले की रिफ वाजते. कॉर्डसाठी बोटे वाकवायला शिकण्याआधी, नोटेशन वाचता येण्याआधी, वाद्य घरी आल्याच्या पहिल्या आठवड्यात मुलाला ओळखीचे काही तरी वाजवल्याचा आनंद मिळतो. शेजारच्या खोलीतल्यालाही ते ओळखू येते, हे महत्त्वाचे. दुकानदार आणि शिक्षक या सुरावटीला विटले असल्याच्या कथा जगभर सारख्याच आहेत. जून २००७मध्ये अमेरिकेतले कॅन्सस सिटी आणि जर्मनीतले लाइनफेल्डन-एश्टरडिंगन या दोन ठिकाणी एकाच महिन्यात सतराशे-अठराशे गिटारवादकांनी एकत्र जमून हेच गाणे वाजवण्याचे विक्रम केले. इतक्या वेगवेगळ्या वकुबाच्या लोकांना एकदम वाजवता येईल असे दुसरे गाणे शोधून काढणे सोपे नाही.

या प्रसिद्धीची किंमतही आहे. डीप पर्पलचे नाव काढले की हेच एक गाणे निघते, आणि लॉर्डचे ऑर्गनवादन किंवा पेसची लयकारी मागे राहते. पन्नास वर्षे दर मैफलीत तेच गाणे वाजवण्याची सक्ती कोणत्याही कलावंताला सुखाची नसते. एक बाजू मात्र निखळ लाभाची ठरली, ती माँत्रोची. नवा कॅसिनो १९७५मध्ये उभा राहिला, आणि त्यात सुरू झालेला माउंटन स्टुडिओ १९७९मध्ये क्वीन या बँडने विकत घेतला. क्वीन आणि डेव्हिड बोवी यांचे १९८१चे 'अंडर प्रेशर' तिथलेच. जाझ महोत्सव जगातल्या अग्रगण्य महोत्सवांत गणला जाऊ लागला आणि डीप पर्पल तिथे वारंवार पाहुणे म्हणून गेले. सरोवराच्या काठी, क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या पुतळ्यापासून जवळच, या गाण्याचे स्मारक आहे. त्यावर रिफ नोटेशनमध्ये कोरली आहे. इमारत जळाली त्या गावाने आगीचे स्मारक करावे, अशी उदाहरणे थोडी.

जॉन लॉर्ड जुलै २०१२मध्ये वारला. गाण्यातला क्लॉड, म्हणजे नोब्स, स्कीइंग करताना झालेल्या अपघातानंतर जानेवारी २०१३मध्ये गेला. मार्टिन बर्च २०२०मध्ये. २०१६मध्ये बँडचा समावेश अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये झाला. 'मशीन हेड'ला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने २०२४मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. मूळ फितींवरून गाण्यांचे नवे मिश्रण करण्याचे काम ज्याच्याकडे सोपवले गेले तो होता गिटारवादक ड्वीझिल झप्पा, फ्रँक झप्पाचा मुलगा. ज्या मैफलीत त्याच्या वडिलांची सगळी वाद्ये जळाली, त्या मैफलीच्या हकिगतीचा आवाज त्याने पुन्हा बसवून दिला.